ड्रोनचा गिम्बल बिघडला, तर आधी बोट आणि मग कॅलिब्रेशन

गिम्बल म्हणजे ड्रोनचा कॅमेरा धरून तो स्थिर ठेवणारी मोटरींची यंत्रणा. ती बिघडली असं वाटलं तर ड्रोन बंद करा, बॅटरी बाहेर काढा. आता कॅमेऱ्याला एका बोटाने हळूच वर-खाली हलवा, मग डावी-उजवीकडे वळवा, मग कुशीवर कलता करून पाहा. तिन्ही दिशांना तो अलगद सरकला पाहिजे. मध्येच अडकता कामा नये, बोटाला खरखर लागता कामा नये आणि थांबायचं ते त्या त्या दिशेच्या शेवटच्या टोकाला पोहोचल्यावरच. या तपासणीला अर्धा मिनिट लागतो, आणि तिच्यातून जे कळतं ते अॅपमधल्या कुठल्याही संदेशातून कळत नाही.

पण आपण हे करत नाही. स्क्रीनवर 'गिम्बल मोटर ओव्हरलोड' असं आलं, किंवा क्षितिज तिरकं दिसलं, की हात थेट सेटिंगमधल्या कॅलिब्रेशनच्या, म्हणजे सेन्सरची मोजमापं नव्याने जुळवण्याच्या, बटणाकडे जातो. मीही तेच करायचो. एकदा माझ्या ड्रोनचं क्षितिज डावीकडे कलायला लागलं. दोन दिवसांत मी सात-आठ वेळा कॅलिब्रेशन केलं, फर्मवेअर (ड्रोनच्या आतलं सॉफ्टवेअर) पुन्हा टाकलं, अॅप काढून परत बसवलं. शेवटी भिंग घेऊन गिम्बलच्या वरची पट्टी पाहिली, तर ज्या रबरी गुटक्यांवर तो टांगलेला असतो त्यातला एक आपल्या भोकातून निसटलेला. चिमट्याने तो परत आत ओढायला एक मिनिट लागला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं ते दोन दिवस चाललं होतं. त्यानंतर मी गिम्बलच्या दुखण्याकडे वेगळ्या क्रमाने पाहायला शिकलो. तोच क्रम इथे मांडतो आहे.

आत चाललेलं काम

तळहातावर लांब काठी उभी धरण्याचा खेळ आठवा. काठी ज्या बाजूला झुकते, त्या बाजूला हात लगेच सरकतो. डोळे पाहतात, मेंदू ठरवतो, हात हलतो आणि हे अखंड चालू राहतं. गिम्बलमध्ये डोळ्यांचं काम कॅमेऱ्याजवळ बसवलेला एक चिमुकला सेन्सर करतो. त्यात दोन उपकरणं असतात. जायरोस्कोप म्हणजे 'आपण किती वेगाने फिरतोय' हे सांगणारं आणि अॅक्सेलरोमीटर म्हणजे 'खालची दिशा कुठली' हे सांगणारं. मेंदूचं काम एक छोटा सर्किट बोर्ड करतो. तो सेकंदाला शेकडो वेळा हिशेब मांडतो. हाताचं काम तीन मोटरींकडे असतं. एक कॅमेरा वर-खाली नेते, तिला टिल्ट म्हणतात. दुसरी कुशीवर कलवते, ती रोल. तिसरी डावी-उजवीकडे वळवते, ती पॅन.

या मोटरींना दातेरी चाकं नसतात. मोटरीचा दांडा थेट कॅमेऱ्याच्या भुजेला जोडलेला असतो आणि कॉइलमधून वाहणाऱ्या विजेच्या जोरावरच कॅमेरा जागच्या जागी धरून ठेवला जातो. म्हणून वीज बंद असताना गिम्बल सैल लोंबतो आणि चालू झाला की बोटाने ढकलला तरी परत जागेवर येतो. बंद असताना लोंबणं हा दोष नाही. नवीन ड्रोन घेतलेले पुष्कळ लोक हे पाहून घाबरतात, म्हणून मुद्दाम सांगतो.

प्रत्येक मोटरीपाशी कोन मोजणारा एक चुंबकीय सेन्सरही असतो. भुजा या क्षणी किती वळली आहे, हे तो बोर्डाला कळवतो.

आता यातली नजाकत पाहा. डीजेआय या ड्रोन बनवणाऱ्या कंपनीच्या मिनी २ या २०२० साली आलेल्या छोट्या ड्रोनच्या तपशीलपत्रात गिम्बलची थरथर ±०.०१ अंशाच्या आत राहते असं दिलं आहे. फोर-के चित्राची रुंदी ३८४० पिक्सेल असते. कॅमेरा आडवं साधारण ७० अंशांचं दृश्य टिपतो असं धरलं, तर एका अंशात सुमारे ५५ पिक्सेल येतात. म्हणजे ०.०१ अंश हा जेमतेम अर्धा पिक्सेल झाला. इतक्या बारकाईने काम करणाऱ्या आणि फक्त कॅमेऱ्याचं वजन पेलण्यापुरत्या बनवलेल्या मोटरीच्या वाटेत वाळूचा एक कण आला, तरी ती गडबडणारच.

राहिल्या दोन गोष्टी. मोटरींची वीज, सेन्सरचे संदेश आणि कॅमेऱ्याचं चित्र हे सगळं कागदासारख्या पातळ पट्टी केबलमधून आणि केसासारख्या बारीक तारांच्या जुडीतून जातं. या केबल गिम्बलच्या भुजांभोवती वळसे घेतात आणि कॅमेऱ्याच्या प्रत्येक हालचालीसोबत वाकतात. आणि हा सगळा संसार ड्रोनच्या अंगाला तीन-चार रबरी गुटक्यांनी टांगलेला असतो, म्हणजे पंख्यांची थरथर कॅमेऱ्यापर्यंत पोहोचू नये.

गिम्बलचा कुठलाही बिघाड मग चार प्रश्नांपैकी एकात बसतो. त्याला कोणी अडवलंय का? त्याची तार तुटली आहे का? त्याला चुकीची माहिती मिळतेय का? की तो बिचारा ठीक आहे आणि बाहेरूनच कोणीतरी त्याला हलवतंय?

चालू होतानाची कवायत

बोटाची तपासणी झाली की बॅटरी घालून ड्रोन सपाट जागी ठेवा, समोर बसा आणि चालू करा. पहिल्या काही सेकंदांत गिम्बल एक ठरलेली कवायत करतो. थोडा वर, थोडा खाली, थोडा बाजूंना, आणि मग सरळ समोर पाहत स्थिर. आपला ड्रोन धडधाकट असताना ही कवायत एकदा मोबाइलवर चित्रित करून ठेवा, असं मी प्रत्येकाला सांगतो. पुढे कधी शंका आली तर तुलनेला दुसरं काही शोधावं लागत नाही.

कवायत सुरूच झाली नाही आणि कॅमेरा मेल्यासारखा लोंबत राहिला, तर संशय केबलवर किंवा बोर्डावर. सुरू झाली, पण एका दिशेला जाताना कॅमेरा अडून गुरगुरला, तर अडथळा किंवा वाकलेली भुजा. कवायत पूर्ण झाली, पण शेवटी कॅमेरा तिरका थांबला, तर माहितीत घोळ आहे किंवा सांगाड्यात. कवायत संपल्यावर कॅमेरा जागच्या जागी थडथडत राहिला, तर मोटर आणि तिचा कोन मोजणारा सेन्सर यांचं एकमेकांशी पटत नाही. हे पडल्यानंतर होतं, किंवा दुरुस्तीत सुटे भाग बदलल्यानंतर.

'ओव्हरलोड' म्हणजे मोटर जळाली असं नाही

हा संदेश वाचून धसका बसतो. प्रत्यक्षात त्याचा अर्थ एवढाच, की कॅमेरा ठरलेल्या जागी नेण्यासाठी मोटरीला नेहमीपेक्षा जास्त वीज ओढावी लागते आहे. तिला कुठेतरी जोर लावावा लागतोय. तो जोर कशाविरुद्ध लागतोय, हे शोधायचं.

सर्वात साधं कारण म्हणजे कव्हर. ड्रोन पिशवीतून काढला, गिम्बलचं संरक्षक कव्हर तसंच राहिलं आणि बटण दाबलं. असं घडलं तर लगेच बंद करा, कव्हर काढा, मिनिटभर थांबून पुन्हा चालू करा. एखाद्या वेळी सहसा काही बिघडत नाही. पण कव्हर लावलेलं असताना ड्रोन तसाच चालू राहिला, तर मोटर अडलेल्या अवस्थेत वीज ओढत राहते आणि कॉइल तापतात.

दुसरं कारण गवत. छोट्या ड्रोनचं पोट जमिनीपासून बोटभरच वर असतं. गवतावर ठेवला की पाती कॅमेऱ्याला टेकतात आणि कवायत अडते. सपाट फळीवर, ड्रोनच्या पेटीच्या झाकणावर किंवा घडीच्या उड्डाणपट्टीवर ठेवून चालू केला, की तक्रार गायब.

तिसरं कारण फिल्टर. कॅमेऱ्याच्या भिंगावर काळसर एनडी फिल्टर लावला की पुढच्या बाजूला एखाद-दुसरा ग्रॅम वाढतो. ग्रॅम हा शब्द ऐकून दुर्लक्ष करू नका. गिम्बलचा तोल एखाद्या सोनाराच्या काट्यासारखा साधलेला असतो. आपल्याच मॉडेलसाठी बनवलेला हलका फिल्टर वापरा, तो ड्रोन बंद असतानाच लावा, आणि मूळ काच काढून त्या जागी बसवायचा प्रकार असेल तर एकावर एक चढवू नका. तक्रार आली की पहिल्यांदा फिल्टर काढून पाहायचा.

चौथं कारण जरा जपून हाताळायचं असतं, ते म्हणजे वाळू. समुद्रकिनाऱ्यावर किंवा नदीपात्रात उतरवलेल्या ड्रोनच्या मोटरीत वाळू शिरते. काळपट वाळूत मॅग्नेटाइट नावाचं लोहखनिज असतं, आणि गिम्बलच्या मोटरीत असतात कायमचे चुंबक. ते कण चुंबकाला चिकटतात आणि फुंकर मारून निघत नाहीत. मऊ कुंचला आणि हाताने दाबायचा रबरी फुगा यांनी सुटी धूळ काढा. चिकटलेले कण चिकटपट्टीच्या टोकाने टिपून घ्या. तेल, वंगण, गंज काढायचा फवारा यांतलं काहीही आत मारू नका. तेलाने धूळ आणखी धरली जाते, आणि या मोटरींना बाहेरून तेल लागतही नाही. डब्यातल्या दाबाच्या हवेचा फवारा जवळून मारणंही टाळा. त्यातून थंडगार द्रव बाहेर पडू शकतो आणि हवेच्या झोताने कॅमेरा टोकापर्यंत आपटतो.

बोटाने हलवताना एकाच ठिकाणी, दर वेळी त्याच कोनात अडत असेल, तर अडथळा बहुधा घन आहे, म्हणजे खडा किंवा वाकलेला भाग. सगळीकडे सारखीच खरखर असेल तर धूळ किंवा खराब बेअरिंग. हा फरक बोटालाच कळतो.

केबल तुटली हे उघडल्याशिवाय कसं ओळखायचं

पडल्यानंतरच्या बिघाडात केबल सर्वात आधी तपासावी. कॅमेरा झटक्याने टोकापर्यंत फिरतो आणि भुजेभोवतीची पट्टी ताणली जाते, कडेला चीर पडते. कधी कधी पडण्याचीही गरज नसते. शेकडो उड्डाणांत वाकून वाकून आतली तांब्याची रेघ तुटते.

इथे एक चांगली खूण मिळते. बहुतेक छोट्या ड्रोनमध्ये मोटरींची वीज पट्टी केबलमधून जाते आणि कॅमेऱ्याचं चित्र बारीक तारांच्या वेगळ्या जुडीतून. म्हणून चित्र स्वच्छ दिसतंय पण कॅमेरा लोंबतोय, तर पट्टी केबल पाहायची. कॅमेरा छान स्थिर उभा आहे पण स्क्रीन काळी आहे किंवा चित्र फाटतंय, तर चित्राच्या तारा. दोन्ही गेले असतील तर दोघांच्याही मुळाशी, म्हणजे मुख्य बोर्डाच्या जोडणीशी किंवा कॅमेऱ्याच्या बोर्डाशी जायचं. प्रत्येक मॉडेलची रचना थोडी वेगळी असते, पण ही विभागणी डोक्यात ठेवली तर निम्मी शोधाशोध वाचते.

सर्वात फसवी केबल अर्धवट तुटलेली. कॅमेरा समोर पाहत असताना सगळं ठीक, खाली वळवला की चित्र थरथरतं किंवा गिम्बल एकदम सैल पडतो, परत वर आणला की पुन्हा ठीक. कोनाशी बांधलेली तक्रार म्हणजे केबल, असं मी जवळजवळ ठाम सांगेन. हे पाहायला ड्रोन उडवायची गरज नाही. पंखे काढून ठेवा, ड्रोन टेबलावर चालू करा आणि रिमोटच्या चाकाने कॅमेरा अगदी सावकाश वरून खाली न्या. कुठल्या कोनात बिघडतं ते नोंदवा. टॉर्चच्या उजेडात पट्टीची घडी पाहा. पांढुरकी रेघ, कडेची चीर, वर आलेला पापुद्रा दिसला, तर आणखी पुरावा लागत नाही.

हवेत असतानाच गिम्बल सैल पडला तर काय? ड्रोन पडत नाही. उडण्यासाठी लागणारे तोलाचे सेन्सर ड्रोनच्या अंगात वेगळे असतात, ते गिम्बलवर अवलंबून नसतात. घाबरून रिमोटच्या काड्या ओढू नका. नकाशाकडे पाहून किंवा घरी परतण्याचं बटण दाबून त्याला परत आणा आणि सावकाश उतरवा. पण बिघडलेला गिम्बल घेऊन 'एकच फेरी' मारायला पुन्हा वर जाऊ नका. लोंबणारा कॅमेरा प्रत्येक हिसक्याला उरलेली केबल फाडत असतो.

तिरकं क्षितिज

या तक्रारीवर मी जास्त थांबणार आहे, कारण इथे कारणं बरीच आहेत आणि ती एकमेकांसारखी दिसतात. एक अंशाचा कल म्हणजे फोर-के चित्रात क्षितिजाचं एक टोक दुसऱ्यापेक्षा सुमारे ६७ पिक्सेल खाली. समुद्र चौकटीत असला की डोळ्याला हे लगेच खुपतं.

आधी सेटिंग पाहा. गिम्बलला बहुतेक ड्रोनमध्ये दोन पद्धती असतात. 'फॉलो'मध्ये क्षितिज सपाट ठेवलं जातं. 'एफपीव्ही'मध्ये ड्रोन वळताना चित्रही मुद्दाम कलतं, विमानात बसल्यासारखं वाटावं म्हणून. चुकून दुसरी पद्धत निवडली गेली असेल, तर वळताना कलणारं क्षितिज हा बिघाडच नाही.

मग पाहा की कल कधी येतो. ड्रोन जमिनीवर असतानाच तिरकं आहे, की उडाल्यावर होतं? एका जागी तरंगताना नीट आणि वेगाने गोल फिरवल्यावर तिरकं होतंय का?

शेवटच्या प्रकाराचं कारण मला फार आवडतं, कारण त्यात यंत्राचा दोषच नसतो. अॅक्सेलरोमीटरला 'खाली' कळतं ते गुरुत्वाकर्षणामुळे. पण गुरुत्वाकर्षणाचा जोर आणि वळताना बाहेर फेकलं जाण्याचा जोर यांत त्याला फरक करता येत नाही. बस जोरात वळली की डोळे मिटून बसलेल्या माणसाला जमीनच तिरकी झाल्यासारखी वाटते, तसंच. समजा ड्रोन सेकंदाला १० मीटर वेगाने २० मीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरतोय. त्याला वर्तुळाच्या मध्याकडे ओढणारा प्रवेग ५ मीटर प्रति सेकंद वर्ग. गुरुत्वाचा प्रवेग ९.८. दोन्ही मिळून अॅक्सेलरोमीटरला 'खाली'ची दिशा तब्बल २७ अंश सरकलेली भासते. जायरोस्कोप मात्र सांगत असतो, 'अरे, आपण एवढे कललेलो नाही.' बोर्ड दोघांचं ऐकून मध्यम मार्ग काढतो आणि थोड्या वेळापुरता जायरोवरच जास्त विश्वास ठेवतो. पण वर्तुळ लांबलं तर अॅक्सेलरोमीटरची भूल हळूहळू आत झिरपते आणि क्षितिज दोन-तीन अंश कलतं. उपाय साधा आहे. ड्रोन एका जागी स्थिर तरंगू द्या, काही सेकंदांनी क्षितिज आपोआप सरळ होतं. यासाठी कॅलिब्रेशन करू नका.

जमिनीवरच तिरकं असेल तर जायरोचा प्रश्न असू शकतो. जायरो पूर्ण स्थिर असतानाही अगदी किंचित फिरल्याचं सांगत असतो, आणि ही चूक तापमानानुसार बदलते. ड्रोन चालू होताना तो स्वतःची ती चूक मोजून वजा करतो. म्हणून त्या क्षणी तो निश्चल हवा. हातात धरून, चालत्या गाडीत किंवा हलत्या बोटीवर चालू केला, की चुकीचा आकडा वजा होतो आणि पूर्ण उड्डाणभर क्षितिज सरकत राहतं. थंड हवेत सेन्सर उबदार व्हायला अर्धा-एक मिनिट द्या. बोटीवरून उडवणं टाळता येत नसेल, तर निदान किनाऱ्याशी बांधलेली, संथ पाण्यातली वेळ निवडा.

बंद करून स्थिर जागी पुन्हा चालू केल्यावरही कल कायम, आणि तोही नेहमी त्याच बाजूला तेवढाच? मग सांगाडा पाहा. रबरी गुटके मोजा. प्रत्येक गुटका वरच्या आणि खालच्या पट्टीच्या भोकात पूर्ण बसलेला हवा. माझ्यासारखं एकाच्या निसटण्याने सगळा गिम्बल एका कोपऱ्यातून खाली येतो. त्यानंतर भुजा. ड्रोन सपाट टेबलावर ठेवून, कॅमेऱ्याच्या पातळीला डोळा आणून समोरून पाहा. कॅमेऱ्याची वरची कड टेबलाच्या कडेला समांतर आहे का? मोटर ते मोटर जाणारी धातूची भुजा पडल्यावर थोडीशी वाकते आणि सहज लक्षात येत नाही. वाकलेली भुजा हाताने सरळ करायला जाऊ नका. धातू मऊ असतो, मोटरीचा दांडा त्याहून नाजूक असतो, आणि दुसऱ्यांदा वाकवताना भुजा तुटते.

या सगळ्यातून गेल्यावर मग कॅलिब्रेशनची पाळी. त्यातही दोन वेगळी कॅलिब्रेशन असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक गिम्बलचं, दुसरं ड्रोनच्या स्वतःच्या तोलसेन्सरचं. ड्रोनलाच आपण तिरके आहोत असं वाटत असेल, तर गिम्बलला मिळणारी माहितीही तिरकी. म्हणून आधी ड्रोनचं करा, मग गिम्बलचं. डीजेआय फ्लाय अॅपमध्ये सेटिंगमधल्या 'कंट्रोल' विभागात गिम्बल कॅलिब्रेशन मिळतं, स्वयंचलित आणि हाताने करायचं असे दोन प्रकार. स्वयंचलितसाठी जागा खरोखर समतल हवी, वारा नको, आणि ते चालू असताना टेबलालाही हात लावायचा नाही. अर्धा-एक अंश राहिलाच, तर हाताने करायच्या प्रकारात क्षितिजाकडे पाहत रोलचा आकडा थोडा थोडा बदलून तो काढता येतो. हे ड्रोन हवेत तरंगत असताना, दूरवरचं खरं क्षितिज पाहून करावं. डोंगराच्या उताराला क्षितिज समजून केलेली दुरुस्ती पुढच्या उड्डाणात पुन्हा तिरकी ठरते.

वारा आणि वेग

कधी कधी गिम्बल आपल्या कुवतीच्या काठावर असतो, एवढंच. मिनी २ चंच उदाहरण घ्या. तिचा गिम्बल रोलमध्ये दोन्ही बाजूंना ३५ अंशांपर्यंत वळतो. ड्रोन मात्र स्पोर्ट मोडमध्ये किंवा जोराच्या वाऱ्याशी झगडताना ४० अंशांपर्यंत झुकू शकतो. आडव्या दिशेने पूर्ण वेगात नेला तर गिम्बलचं टोक ड्रोनच्या झुकण्याच्या आधीच येतं. उरलेले अंश चित्रात कल म्हणून दिसतात, आणि 'रोलची मर्यादा गाठली' अशा अर्थाचा इशारा येतो. वेग कमी करा, वाऱ्याकडे तोंड करा, खाली या. चौकटीच्या वरच्या कोपऱ्यांत पंखे डोकावतात तेही याच झुकण्यामुळे.

जेलीसारखं लहरणारं चित्र

इथे गिम्बलवर बहुतेक वेळा खोटा आळ येतो. चित्र पाण्याखालून पाहिल्यासारखं लहरत असेल, सरळ खांब नागमोडी दिसत असतील, तर दोषी शोधायचा तो पंख्यांत.

ड्रोनच्या कॅमेऱ्याचा सेन्सर बहुधा चित्र एका क्षणात टिपत नाही, वरून खाली एकेक ओळ वाचत जातो. समजा पूर्ण वाचायला सेकंदाचा पन्नासावा भाग लागतो. पंखा मिनिटाला ६००० फेरे घेत असेल तर सेकंदाला १०० झाले. पंख्याचं एक पातं जरा टवकलेलं असेल तर प्रत्येक फेऱ्याला एक हिसका, म्हणजे एका चित्राच्या वाचनात दोन. वरची ओळ वाचताना कॅमेरा एका जागी, जरा खालची वाचताना दुसऱ्या जागी, आणि खांब नागमोडी. गिम्बलच्या मोटरी सावकाश डोलणं छान सावरतात, पण सेकंदाला शंभर वेळांच्या थरथरीचा पाठलाग त्यांना जमत नाही. ते काम रबरी गुटक्यांचं.

म्हणून पंख्यांच्या कडांवरून नख फिरवा. टवका, भेग, वाक दिसला तर ती जोडी बदला, घासून नीट करत बसू नका. पंख्याचा स्क्रू सैल नाही ना, मोटर हाताने फिरवल्यावर आवाज न करता फिरते ना, हे पाहा. गुटके उन्हातान्हात जुने होऊन कडक झाले असतील तर तेही बदला. फार ऊन असेल तर शटर अतिशय जलद होतं आणि प्रत्येक ओळ आपापल्या जागी गोठल्यासारखी टिपली जाते, त्यामुळे लहरी जास्त ठसठशीत दिसतात. एनडी फिल्टर लावून शटर सावकाश केलं की त्या पुसट होतात. हा उपाय नव्हे, झाकण आहे. मूळ थरथर तशीच राहते.

स्वतः उघडावं का?

गुटके बदलणं कोणीही करावं. पट्टी केबल बदलणं बारीक कामाचा हात असलेल्याने, स्वच्छ टेबलावर, स्क्रू निघाले त्या क्रमाने मांडून आणि जुन्या केबलच्या घड्यांचे फोटो काढून मगच करावं. घडी एक वळसा चुकली तर नवी केबलही काही तासांत तुटते.

मोटर, भुजा किंवा पूर्ण गिम्बल बदलायचा असेल, तर मी थांबायला सांगेन. कोन मोजणारा प्रत्येक सेन्सर आपापल्या मोटरीशी कारखान्यात जुळवलेला असतो आणि त्या जुळणीचे आकडे बोर्डात साठवलेले असतात. नवा भाग आला की ते आकडे जुने ठरतात, आणि अॅपमधलं साधं कॅलिब्रेशन ते बदलत नाही. त्यासाठी कंपनीचं दुरुस्तीचं सॉफ्टवेअर लागतं. नवा गिम्बल बसवल्यावर कॅमेरा थडथडतो किंवा वेड्यासारखा गरगरतो, तो बहुतेक याच कारणाने. सुटा भाग खराब निघाला असं समजून लोक तो परत करतात.

दुरुस्तीला देताना तीन गोष्टी सोबत द्या. चालू होतानाच्या कवायतीचं मोबाइलवर केलेलं चित्रण, समोरून आणि बाजूने. अॅपमध्ये आलेल्या संदेशाचा स्क्रीनशॉट, त्यातल्या क्रमांकासह. आणि एका कागदावर एवढंच, की वीज बंद असताना कॅमेरा कुठल्या दिशेला अडतो, चित्र येतं की नाही, आणि ड्रोन शेवटचा कधी पडला होता. पडला असेल तर ते लपवू नका, उघडल्याबरोबर त्यांना दिसणारच आहे. पाठवताना कॅमेरा हाताने सरळ समोर आणून मगच संरक्षक कव्हर लावा. तिरक्या कॅमेऱ्यावर कव्हर दाबून बसवलं तर जी केबल आतापर्यंत वाचली होती ती पिशवीतच तुटते.